वेताळाचा कागद

मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक बाळगणाऱ्या माणसाला अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो घरातूनच येतो : हे सगळं मोबाइलवर मिळतं ना, मग ही रद्दी कशाला? विचारणाऱ्याचा रोख जागेवर असतो. दोन खोल्यांच्या घरात कपाटाचा अख्खा कप्पा वेताळाने अडवावा ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून प्रश्न हसण्यावारी न्यायचे कारण नाही. संग्राहक मात्र त्याचे उत्तर देताना जुन्या कागदाच्या वासावर येतात, उन्हाळ्याच्या सुट्टीवर येतात, आणि तिथेच हरतात. वासासाठी एक अंक पुरेल. त्यासाठी शेकडो अंक लागत नाहीत.

प्रश्नाचे खरे उत्तर शोधायचे तर आधी हे पाहावे लागते की, इंद्रजालच्या अंकात आपल्याकडे तयार झालेले नेमके काय आहे आणि बाहेरून आलेले काय आहे.

ली फॉक यांची ‘फँटम’ ही चित्रपट्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. त्यांचाच जादूगार मँड्रेक त्याआधी दोन वर्षे, जून १९३४ मध्ये अवतरला होता. आपल्याकडे फँटम चाळीसच्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून पोहोचला, पण तो इंग्रजी वाचणाऱ्या घरांपुरता. टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढले तेव्हा तो भारतीय भाषांत शिरला. पहिले ३२ अंक एकट्या फँटमचे. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी पाळीपाळीने येऊ लागली. अंक आधी मासिक होता, मग पाक्षिक झाला, ऐंशीच्या दशकात साप्ताहिक झाला आणि १९९० मध्ये बंद पडला. सव्वीस वर्षांत सुमारे ८०० अंक निघाले, त्यांतले निम्म्याहून अधिक फँटमचे. मराठी मुलांनी त्याला ‘महाबली वेताळ’ म्हणूनच ओळखले.

या नावावर जरा थांबतो. बंगालमध्ये आनंदबाजार समूहाने याच पात्राला ‘अरण्यदेव’ म्हटले, आणि तेही नाव चांगलेच आहे. पण तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाच्या कानाला ‘वेताळ’ या नावात जे ऐकू येते ते वेगळेच. आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. इंग्रजीत फँटमचे बिरुद ‘चालणारे भूत’ अशा अर्थाचे आहे. रानातल्या लोकांची राखण करणारा, मरण नसलेला, फिरत राहणारा. नाव ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वेतोबा होता की विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ, हे सांगता येणार नाही. हिंदीतही ‘वेताल’च होता, त्यामुळे दुसरी शक्यता अधिक. परंतु सिंधुदुर्गातल्या वाचकाच्या मनात दोन्ही वेताळ एकत्र झाले असणार, यात मला शंका नाही.

नावाखेरीज आणखी किती तरी गोष्टी इथे घडल्या. मूळ कथेतला देश ‘बंगाल’ची आठवण करून देणारा होता, तो इंद्रजालमध्ये डेंकाली झाला. फँटमच्या पूर्वजाला मारणाऱ्या चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते, ते ‘सिंगा’ झाले. भारतीय वाचक दुखावू नये, एवढाच हेतू. मूळ पट्टी रोज तीन-चार चौकटींची, आडवी आणि काळीपांढरी. पुस्तकात पान उभे. म्हणजे चौकटी फिरवून बसवायच्या, कुठे चित्र कापायचे, कुठे वाढवायचे. रोजच्या पट्टीत पहिल्या चौकटीत कालच्या भागाची उजळणी असे, ती पुस्तकात नको. शिवाय पाने ठरलेली, गोष्ट त्यात बसायलाच हवी, म्हणून मधल्या चौकटीही गाळाव्या लागत. रोजच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांत रंग भरले गेले ते इथे. मुखपृष्ठेही इथलीच, त्यांतली अनेक गोविंद ब्राह्मणिया यांची. सुरुवातीच्या अंकांत वेताळाचा पोशाख निळा आहे, पुढे तो जांभळा होतो. इटलीत हाच माणूस लाल कपड्यांत फिरतो, स्कँडिनेव्हियात निळ्या. प्रत्येक देशाच्या छापखान्याने त्याला आपल्या मर्जीने कपडे शिवले. आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला, ब्राह्मणियांनी रेखाटलेला बहादूर आला. केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूचा मुलगा असून डाकूंविरुद्ध उभा राहिलेला. तो तर सगळाच इथला.

आता कपाटाच्या कप्प्याकडे परत येऊ. फँटमची गोष्ट वाचायची एवढीच गरज असेल, तर इंद्रजालचा कागद खरोखरच अनावश्यक आहे. मूळ इंग्रजी पट्ट्या अमेरिकेत पुस्तकरूपाने नीट क्रमवार छापल्या जात आहेत. त्यांत एकही चौकट गाळलेली नसते, आणि पडद्यावर त्या छापीलपेक्षा स्पष्ट दिसतात. मी स्वतः गोष्ट वाचायला त्याच उघडतो. पण मराठी शब्द, मराठी अक्षरलेखन, इथे भरलेले रंग, इथे काढलेली मुखपृष्ठे, इथे गाळलेल्या चौकटी या पाच गोष्टींचा पुरावा अमेरिकेत असण्याचे कारण नाही. तो त्या स्वस्त कागदावर आहे. त्यामुळे कागद की पडदा या वादात इंग्रजी वाचकाचा प्रश्न आणि मराठी वाचकाचा प्रश्न एक नाही. त्याच्याकडे मूळ शाबूत असते आणि प्रत्येक अंक ही एक आवृत्ती असते. आपल्याकडे अंक हेच मूळ आहे.

हा वाद आपल्याकडे मोबाइलबरोबर आला. अमेरिकेत तो त्याच्या निदान चाळीस वर्षे आधी होऊन गेला आहे, आणि त्याचा निकाल काय लागला हे पाहण्यासारखे आहे. तिथे पडद्याच्या जागी मायक्रोफिल्म होती.

तिथल्या मोठ्या ग्रंथालयांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मायक्रोफिल्मवर घेतले आणि मूळ खंड काढून टाकायला सुरुवात केली. कारणे दोन : जागा नाही, आणि कागद ठिसूळ होतो आहे. दोन्ही कारणे आपल्या घरातल्या प्रश्नाशी तंतोतंत जुळतात. फिल्म काळीपांढरी होती. अमेरिकन वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या मात्र शतकाच्या सुरुवातीपासून रंगीत होत्या, आणि चित्रकथांचा सगळा बहर त्या रंगांत होता. म्हणजे जतन केले अशी नोंद झाली, कपाट मोकळे झाले आणि रंग नाहीसा झाला. फिल्म घेताना एखादे पान सुटले असेल, अस्पष्ट आले असेल, तर ते पडताळायला मूळ प्रत उरली नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत बिल ब्लॅकबिअर्ड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांना चित्रपट्ट्यांचा इतिहास लिहायचा होता. ग्रंथालये जुने खंड टाकून देत आहेत हे कळल्यावर ते मागायला गेले, तर उत्तर मिळाले की नियमाप्रमाणे खासगी व्यक्तीला देता येत नाहीत. रद्दीत देता येत होते, माणसाला देता येत नव्हते! त्यावर त्यांनी १९६८ मध्ये आपल्या राहत्या घरात ‘सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट’ ही ना-नफा संस्था स्थापन केली आणि संस्थेच्या नावाने खंड आणायला लागले. पुढची तीस वर्षे ते आणि त्यांचे साथीदार कात्रणे कापत, लावत राहिले. १९७७ मध्ये स्मिथसोनियनने वर्तमानपत्री चित्रकथांचे जे मोठे संकलन काढले, त्याचे ते एक संपादक. १९९८ मध्ये हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठात गेला तेव्हा त्याचे वजन ७५ टन होते आणि तो न्यायला सहा मोठे ट्रक लागले. आज जुन्या अमेरिकन चित्रपट्ट्यांच्या ज्या देखण्या रंगीत आवृत्त्या निघतात, डिजिटल निघतात, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी या माणसाने वाचवलेला कागद आहे. ब्लॅकबिअर्ड २०११ मध्ये वारले.

निकोल्सन बेकर या लेखकाने २००१ मध्ये ‘डबल फोल्ड’ हे पुस्तक लिहून ग्रंथालयांवर कडाडून टीका केली. पुस्तकाचे नाव एका चाचणीवरून आहे. पानाचा कोपरा पुढे दुमडायचा, मग मागे दुमडायचा, आणि असे किती वेळा दुमडल्यावर तो तुटतो ते मोजायचे. लवकर तुटला तर पुस्तक ठिसूळ, म्हणजे फिल्म घेऊन निकालात काढायला मोकळे. बेकरचा मुद्दा साधा होता : पान दुमडत कोणी वाचत नाही, उलटत वाचतात, आणि चाचणीत नापास झालेला कागद उलटून वाचायला पुढची कित्येक वर्षे चालतो. सगळ्या बाबतीत बेकरचे म्हणणे मी मान्य करणार नाही. दमट किनारपट्टीवर राहणाऱ्याला कागदाबद्दल इतका भरवसा परवडत नाही. पण कागद मरायला टेकला आहे ही हाकाटी जागा मोकळी करण्यासाठी केली जाते, हे त्याचे निरीक्षण आपल्या घरांनाही लागू आहे.

दमटपणाचे म्हणाल तर इंद्रजालचा कागद जात्याच अल्पायुषी. लाकडाचा यांत्रिक लगदा, त्यात लिग्निन तसेच राहिलेले. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, आम्ल तयार होते आणि तंतू तुटतात. मधल्या दोन पिना गंजतात आणि गंज आधी कागद खातो, त्यामुळे मधले पान प्रथम सुटते. कसर गोंद आणि कागदाचा पृष्ठभाग खरवडते. वाळवी एवढा विचार करत नाही, ती सगळेच खाते. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांनी पाच-पाच अंक एकत्र शिवून जाड पुठ्ठ्यात बांधले. त्या बांधणीने अंक टिकले, पण शिवणीत आतला समास गेला आणि कडा सारख्या करताना बाहेरचा समास कापला गेला, कधी संवादाच्या फुग्यासकट. अनेक बांधीव संचांत मुखपृष्ठे आधीच काढलेली असतात. ती वाचनालयाच्या दारावर जाहिरातीसाठी चिकटवली जात.

म्हणून स्कॅनबद्दल मला आकस नाही. उलट, प्रत्येक वेळी अंक उघडला की तो थोडा मरतो, आणि एकदा नीट स्कॅन झाला की पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही. चंद्रपूरच्या वाचकाला मुंबईतल्या कपाटातला अंक पाहता येतो, ही सोय कागद कधीच देऊ शकणार नव्हता. गाळलेल्या चौकटींचा अभ्यासही स्कॅनमुळेच शक्य झाला. पडद्यावर एका बाजूला मूळ इंग्रजी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला मराठी पान ठेवले की कुठे काय उडवले ते दहा मिनिटांत दिसते. हाताने हे करायला पूर्वी महिने लागले असते, आणि मूळ पट्ट्या मिळाल्याच नसत्या.

आक्षेप आहे तो स्कॅन कसे केले जातात याला. हौशी माणूस स्कॅन करतो तेव्हा त्याला गोष्ट हवी असते. तो जाहिरातींची पाने सोडतो. शेवटच्या पानांवरची सामान्यज्ञानाची सदरे सोडतो. समास कापतो. मग पिवळेपणा ‘साफ’ करतो, म्हणजे पान पांढरेशुभ्र करतो आणि रंग भडक करतो. मुळात ते रंग मळकट कागदावर छापायचे म्हणून निवडलेले. पांढऱ्यावर ते कधीच असे दिसले नव्हते. निळा पोशाख जांभळा कधी झाला हे शोधणाऱ्याच्या दृष्टीने असा साफ केलेला स्कॅन म्हणजे धुतलेला पुरावा. शिवाय इंद्रजालने शेवटच्या वर्षांत सलग क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी पद्धत घेतली. स्कॅनच्या फाइलला नाव देताना लोक जुन्या पद्धतीने मोजलेला क्रमांक देतात, आणि मुखपृष्ठावर दुसराच असतो. दोन नावांनी तोच अंक फिरत राहतो, आणि न मिळालेला अंक मिळाला असे वाटते.

आणि मुळात ‘सगळे मोबाइलवर मिळते’ हे इंग्रजी-हिंदीच्या भरवशावरचे विधान आहे. इंग्रजी आणि हिंदी इंद्रजालचे स्कॅन मुबलक आहेत. मराठीचे शोधायला बसले की हा मुबलकपणा ओसरतो.

पडद्यावरची वस्तू किती टिकते याचाही एक अनुभव मराठी वाचकांच्या गाठीशी आहे. ‘चांदोबा’, म्हणजे ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती, १९५२ मध्ये सुरू झाली. मूळ मासिक जुलै १९४७ चे, मद्रासचे. २००७ मध्ये मासिकाची मालकी एका सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली आणि जुन्या अंकांचे स्कॅन मासिकाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळू लागले. अनेकांनी त्या भरवशावर माळ्यावरचे गठ्ठे काढून टाकले. २०१३ मध्ये प्रकाशन थांबले, आणि पुढे संकेतस्थळही गेले. आज ते अंक इंटरनेट अर्काइव्हवर बऱ्याच प्रमाणात दिसतात, कारण संकेतस्थळ चालू असताना काही वाचकांनी ते उतरवून आपापल्या संगणकांत ठेवले होते. म्हणजे स्कॅनही वाचला तो जुन्या रीतीनेच, चार घरांत चार प्रती पडून राहिल्या म्हणून.

विकत घेतलेल्या डिजिटल कॉमिकची गत तर याहून पातळ. जपानी कॉमिक्स इंग्रजीत विकणारे ‘जेमांगा’ २०१३ मध्ये बंद झाले, तेव्हा पैसे मोजलेल्या वाचकांची पुस्तके त्याच्याबरोबर गेली. त्यांच्याकडे पुस्तक नव्हतेच, वाचण्याची परवानगी होती.

आपला कायदा या बाबतीत, बहुधा नकळत, शहाणपणाचा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ५२ मध्ये एक तरतूद आली. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची डिजिटल प्रत ठेवता येते, मात्र त्या पुस्तकाची कागदी प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. म्हणजे स्कॅन ठेवण्याचा हक्क कागदातून येतो. आपल्या जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना याचा उपयोग करता येईल, पण बालविभागातली फाटकी कॉमिक्स दर दोन-तीन वर्षांनी निकालात काढण्याची रीत तिथे जुनी आहे. इंद्रजालला कोणी पुस्तक मानलेच नाही. दाखलनोंदणीच्या वहीतही त्याचा पत्ता क्वचितच असतो.

एक अपवाद सांगायला हवा, नाही तर कागदाची बाजू जरा जास्तच उजळ दिसेल. अमेरिकेत २००० सालापासून कॉमिक्सची प्रत तपासून, गुण देऊन, कठीण प्लॅस्टिकच्या पेटीत कायमची बंद करून देण्याचा धंदा सुरू झाला. १९३८ चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम आला, त्याची अशी एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना गेली. त्या अंकाची मूळ किंमत १० सेंट. पेटी फोडली की गुण रद्द, म्हणून ती कोणी फोडत नाही. आत छापलेले आहे ते कोणी वाचत नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने हा कागद आणि गेलेले संकेतस्थळ यांत फारसा फरक नाही. आपल्याकडेही इंद्रजालच्या पहिल्या अंकांचे भाव चढले आहेत, आणि भाव चढले की अंक दाखवायला लोक नाखूष होतात. कागद आहे, पण बघायला मिळत नाही.

माझ्यापुरते मी काम असे वाटून घेतले आहे. ज्या अंकाची मराठी प्रत हाती येते तो मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, जाहिरातींसकट, वाचनालयाच्या शिक्क्यासकट, रंगाला हात न लावता घ्यायचा. ठिसूळ अंक सपाट स्कॅनरवर दाबायचा नाही, वरून कॅमेऱ्याने घ्यायचा. समासात एक पट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. गंजलेल्या पिना काढून दोऱ्याने सैल टाका घालायचा. फाइलच्या नावात मुखपृष्ठावर छापलेला क्रमांक जसाच्या तसा द्यायचा. फाइलच्या तीन प्रती, तीन घरांत. हे अंक वाटण्याचा हक्क मला नाही, त्यामुळे मी ते वाटत नाही. अभ्यासाला येणाऱ्याने समोर बसून पाहावेत. आणि इंग्रजीची प्रत असेल, तिचे मूळ दुसरीकडे शाबूत असेल, तर ती सरळ देऊन टाकायची. माझ्या कप्प्यातले इंग्रजी अंक असेच गेले. त्यामुळे घरातल्या प्रश्नाची धारही निम्म्याने कमी झाली.

वाचकांकडे एक मागणे आहे. गावोगावची भाड्याची वाचनालये बंद होत आहेत आणि त्यांचे गठ्ठे किलोवर जात आहेत. अशा गठ्ठ्यात जाड पुठ्ठ्यात शिवलेले पाच-सहा पातळ अंक दिसले, तर मुखपृष्ठ नाही म्हणून टाकू नयेत. आतले पहिले पान पाहावे. भाषा मराठी असेल तर अंकाचा क्रमांक, पानांची संख्या आणि शिक्क्यावरचे गाव एवढे तरी कागदावर उतरवून ठेवावे. सत्तरच्या दशकातल्या पाक्षिक अंकांची माझी यादी सर्वांत अपुरी आहे.